मेन्यूकार्डासाठी हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट

प्रश्न : घरगुती पदार्थांच्या दुकानाचे मेन्यूकार्ड करायचे आहे. हाताने लिहिल्यासारखा मराठी फॉन्ट कोणता? कॉमिक सान्स चालेल का?

उत्तर : मराठीसाठी नाही. कॉमिक सान्समध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो आणि किमतीचे आकडे एका वळणाचे, पदार्थांची नावे भलत्याच वळणाची दिसतात.

कॉमिक सान्सचा जन्मही मजेशीर. 1994मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘बॉब’ या प्रोग्राममधला कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलताना तिथले डिझायनर व्हिन्सेंट कॉनेर यांना खटकला. कॉमिक्समधले अक्षरलेखन पाहून त्यांनी नवी अक्षरे काढली. ‘बॉब’मध्ये ती बसली नाहीत, जगभर मात्र पसरली. 2012मध्ये सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या शोधाच्या सादरीकरणातही हाच फॉन्ट होता. लोकांना शोधाइतकाच तोही आठवतो, बिचारा!

मेन्यूकार्डासाठी इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ घ्यावा. तो गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात आहेत. किंचित तिरकी, पेनाने भरभर लिहिल्यासारखी अक्षरे, वजने (म्हणजे जाडीचे प्रकार) तीन.

छापण्याआधी ‘पुऱ्या’ आणि ‘सोलकढी’ टाइप करून पाहावे. ‘ऱ्या’ तुटला, तर दोष बहुधा जुन्या सॉफ्टवेअरचा असतो.

दुकानाची पाटी मात्र रंगाऱ्याकडूनच लिहून घ्यावी. फॉन्टमधला ‘र’ दर वेळी हुबेहूब तोच उमटतो. छोट्या कार्डावर ते खपून जाते, चार फुटी पाटीवर नाही. साहित्य, ॲलर्जीच्या सूचना वगैरे कार्डावरचा बारीक मजकूर साध्या फॉन्टमध्येच ठेवावा.