खरें उत्तर मावणारा फॉर्म

विद्यार्थिमित्रांनो, ग्रंथालयाची नोंद, सहलीची यादी, प्रवेशाचा अर्ज अशा कामांसाठीं संगणकावर फॉर्म तयार करण्यास तुमच्यापैकीं कित्येकांनीं आरंभ केला असेल. १९९१ सालीं व्हिज्युअल बेसिक निघालें तेव्हांपासून हें काम सोपें झालें आहे. पडद्यावर रकाना ओढून ठेवावा, शेजारीं त्याचें नांव लिहावें, खालीं बटण बसवावें, कीं फॉर्म दिसूं लागतो. परंतु फॉर्म म्हणजे माणसास विचारलेला प्रश्न होय. ज्या रकान्यांत खरें उत्तर मावत नाहीं, त्यांत मनुष्य निरुपायानें खोटें उत्तर लिहितो. आणि तेंच पुढें वर्षानुवर्षें खरें म्हणून वाचलें जातें. हा दोष कसा टाळावा, तें आपल्या नवी मुंबईंतील उदाहरणांवरून पाहूं.

प्रथम पत्ता घ्या. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें आपलें शहर आंखलें; म्हणून येथील पत्ता बहुधा सेक्टर व भूखंड यांच्या क्रमांकांनीं सांगतात. ‘रस्त्याचें नांव’ हा रकाना सक्तीचा केला, तर वाशीच्या सेक्टरांतील रहिवाशानें काय लिहावें? उलट ‘सेक्टर’ सक्तीचा केला, तर घणसोलीच्या जुन्या गांवठाणांतील कुटुंब अडतें. दोघेही अखेरीस एक टिंब टाकून सुटका करून घेतात. म्हणून जें प्रत्येकापाशीं खरोखर असतें, तेवढेंच सक्तीचें करावें.

दुसरी गोष्ट अंकांची. आपल्या दूरध्वनीचा विभाग-क्रमांक ०२२ आहे. तो संख्या म्हणून सांठविला, तर संगणक आरंभींचें शून्य गाळतो व २२ उरतात. ज्या अंकांची बेरीज-वजाबाकी करावयाची नाहीं, ते मजकूर म्हणून ठेवावे, हा नियम ध्यानांत असूं द्यावा. वाशीचा पिनकोड ४००७०३ हाही ह्याच जातीचा.

तिसरी व सर्वांत नाजूक गोष्ट नांवाची. ‘क्षितिज’ हें नांव डोळ्यांस तीन अक्षरांचें दिसतें. पण युनिकोडमध्यें क, हलंत, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज अशीं त्याचीं सात चिन्हें होतात. तेव्हां रकान्याची लांबी सढळ हातानें ठेवावी. नांवाची रीतही बदलते. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ सालच्या निर्णयाप्रमाणें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाचें नांव शासकीय कागदपत्रांत स्वतःचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव ह्या क्रमानें लिहावयाचें आहे. शिवाय कोणास आडनांव नसतें, कोणास वडिलांचें नांव लिहितां येत नाहीं. अशा मुलाची आई कारकुनासमोर बसली असतां पडदा तांबडा होऊन ‘माहिती अपुरी’ असें सांगूं लागला, तर चूक कोणाची? त्या माउलीची खास नव्हे, प्रोग्रॅम लिहिणाराची.

आतां चुका दाखविण्याविषयीं. चुकीची सूचना त्या रकान्याजवळच द्यावी, व काय करावें तें साध्या शब्दांत सांगावें. ‘तारीख अवैध’ असें न म्हणतां ‘दिवस, महिना, वर्ष ह्या क्रमानें लिहावें’ असें म्हणावें. एका चुकीपायीं भरलेले बाकीचे रकाने पुसूं नयेत. उत्तर बरोबर येईपर्यंत रकान्यांतून बाहेर पडूंच न देणें, हा तर जुलूम होय. सर्व तपासणी ‘जतन करा’ हें बटण दाबल्यावर एकदम करावी. टॅबची कळ दाबतांच खूण वाचनाच्या क्रमानें पुढच्या रकान्यावर जावी. कागदावरून पाहून भरणाराचे डोळे कागदावर असतात, पडद्यावर नव्हे.

शेवटीं एक अभ्यास. आपला फॉर्म घरांतील वडील मंडळींपैकीं कोणास भरावयास द्या, व स्वतः एक अक्षरही न बोलतां शेजारीं बसा. त्यांचा हात जेथें थांबेल, तेथें तुमचा प्रश्न चुकला असें समजा. तेथेंच दुरुस्ती करा. आणि त्यांस मात्र ‘तुम्हांला जमत नाहीं’ असें कधींही म्हणूं नका.