पुश अडला तर खिशाला किती?

गिटहबवर कोड ठेवायला पैसे लागत नाहीत. एप्रिल २०२० पासून खासगी रेपोही फुकट आहे आणि त्यात कितीही सहकारी घेता येतात. तरीही सबमिशनच्या आदल्या रात्री मुरबाडात किंवा आसनगावात ‘पुश होत नाहीये’ असा मेसेज ग्रुपवर पडला की खर्चाला तोंड फुटते. आधी नेटपॅक, सकाळी चांगल्या नेटसाठी कल्याणची गाडी, आणि शेवटी ‘प्रोजेक्ट चढवून देतो’ म्हणणारा सांगेल ती रक्कम. स्क्रीनवरच्या शेवटच्या आठ-दहा ओळी नीट वाचल्या तर यातला बराचसा खर्च टळतो.

काम गेलेले नसते, हे आधी लक्षात घ्या. कमिट तुमच्याच लॅपटॉपवर होते, त्याला नेट लागत नाही. पुश म्हणजे ते कमिट सगळ्यांच्या रेपोत पोचवणे. त्यामुळे घाबरून फोल्डर पुसू नका.

मग एवढेच पाहा: पलीकडून उत्तर आले आहे का? ‘रिजेक्टेड’, ‘डिनाइड’, ‘४०३’ असे काही दिसत असेल तर तुमचे नेट व्यवस्थित चालू आहे. सर्व्हरने तुमचे ऐकून घेऊन नकार दिला आहे, तेव्हा रिचार्ज मारून उपयोग नाही. ‘टाइम्ड आउट’, ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’ किंवा ‘द रिमोट एंड हंग अप’ असे असेल तर बिघाड बहुधा वाटेत आहे. (खालच्या आज्ञा वाचण्यासाठी देवनागरीत दिल्या आहेत, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या.)

सर्व्हरने नकार दिला असेल तर

ग्रुप प्रोजेक्टमध्ये सर्वांत जास्त भेटणारा नकार म्हणजे ‘फेच फर्स्ट’. तुमच्या आधी कुणीतरी आपले काम चढवले आहे आणि ते तुमच्याकडे नाही. आपले बदल कमिट करा, ‘गिट पुल --रिबेस’ चालवा आणि पुन्हा पुश करा. दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तर गिट थांबून विचारते. ती फाइल सुधारा, ‘गिट ॲड’ करा आणि ‘गिट रिबेस --कंटिन्यू’ म्हणा. गोंधळ वाढला तर ‘गिट रिबेस --अबॉर्ट’ने होतात तिथे परत येता. खर्च शून्य. इथे कुणी ‘--फोर्स’ लावायला सांगितले तर ऐकू नका, कारण त्याने सहकाऱ्याचे कमिट सामायिक ब्रँचवरून उडते. कुणी आधीच तसे केले असेल तर त्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर ते कमिट अजून असते. त्याने तिथून काही पुसण्याआधी त्याला फोन करा.

‘४०३’चे कारण बहुतेक वेळा नावात सापडते. ओळीत कुणाला परवानगी नाकारली ते लिहिलेले असते, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत ते नाव भलत्याचेच निघते. आधीच्या मुलाचे लॉगिन विंडोजने साठवून ठेवलेले असते. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, गिटहबची नोंद काढा आणि पुन्हा पुश करा, म्हणजे तुमचे लॉगिन विचारले जाईल. उठताना आपलीही नोंद काढायला विसरू नका. नाव तुमचेच असेल तर रेपोच्या मालकाने तुम्हाला सहकारी म्हणून जोडले आहे का ते विचारा. ते आमंत्रण सात दिवसांत न स्वीकारल्यास रद्द होते. खासगी रेपोत प्रवेश नसेल तर गिटहब ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’ म्हणते. रेपो जागेवरच असतो, तुम्हाला तो दाखवला जात नाही एवढेच. अनोळखी लोकांच्या मुक्त प्रकल्पात थेट पुश चालतच नाही. तिथे आपला फोर्क करून पुल रिक्वेस्ट पाठवायची.

पासवर्ड बरोबर टाकूनही नाकारतोय? १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब कमांड लाइनवर पासवर्ड घेत नाही, पण यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून तोच टाकायला सांगतात. विंडोजवर गिट स्वतःच ब्राउझर उघडून लॉगिन करून घेते. तसे न झाल्यास टोकन काढा. ते फुकट मिळते आणि एकदाच दिसते. मित्राच्या खात्यावरच्या रेपोत तुम्ही सहकारी असाल तर नवे ‘फाइन-ग्रेन्ड’ टोकन चालत नाही, जुन्या धर्तीचे ‘क्लासिक’ घ्यावे लागते. या एका बारकाव्यापायी अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.

१०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब घेत नाही. ती डिलीट करून नवे कमिट केले तरी नकार तसाच राहतो, कारण फाइल आधीच्या कमिटमध्ये बसलेली असते. सोपा मार्ग असा: ‘गिट रिसेट --सॉफ्ट ओरिजिन/मेन’ चालवा. न पोचलेली कमिट सुटतात, बदल मात्र तसेच राहतात. ‘गिट रिसेट’सह त्या मोठ्या फाइलचे नाव देऊन ती बाजूला काढा, गिटइग्नोरमध्ये टाका, उरलेले कमिट करा आणि पुश करा. ती फाइल ड्राइव्हवर ठेवून रीडमीत लिंक दिली तरी परीक्षकाला चालते.

खरा पैसा जाऊ शकतो तो गुप्त कीमुळे. फेब्रुवारी २०२४ पासून गिटहब सार्वजनिक रेपोत ओळखीच्या प्रकारची की दिसली तर पुश अडवते. तिथे ‘अडवू नका, जाऊ द्या’ असा पर्यायही मिळतो, तो दाबू नका. क्लाउड खात्याची की बाहेर गेली तर तिच्यावर दुसरा कुणीतरी यंत्रे चालवतो आणि बिल तुमच्या कार्डावर येते. आधीच गेली असेल तर फाइल पुसत बसू नका, त्या सेवेत जाऊन की रद्द करा.

वाटेतला बिघाड असेल तर

धसई हे मुरबाड तालुक्यातले गाव डिसेंबर २०१६ मध्ये कॅशलेस म्हणून गाजले. कार्ड घासण्याच्या एका व्यवहाराला काही केबी पुरतात, म्हणून कमकुवत नेटवर्कवरही तो निभावतो. पुशचे तसे नाही. मोबाइलवर वर पाठवण्याचा वेग मुळात कमी असतो, आणि मध्येच तुटलेला पुश गिट जिथे थांबला तिथून पुढे नेत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. ८० एमबीचा पुश पाच वेळा शेवटाकडे तुटला तर ४०० एमबीच्या आसपास डेटा गेला आणि हातात काही नाही. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचे एक जीबीचे बूस्टर १९ रुपयांचे झाले. एकदा ठीक आहे, पण रात्रभर तेच करत बसण्यात अर्थ नाही.

आधी वजन घटवा. ‘नोड मॉड्यूल्स’सारखे फोल्डर रेपोत लागतच नाहीत, समोरचा ते स्वतः उतरवून घेतो. मग सगळी कमिट एकदम न पाठवता ‘गिट पुश ओरिजिन’, पुढे जुन्या कमिटचा क्रमांक, कोलन (:) आणि ‘मेन’ असे लिहून एकेक टप्पा चढवा. पोचलेला टप्पा पुन्हा पाठवावा लागत नाही. ‘पोस्ट-बफर वाढवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण गिटच्या स्वतःच्या माहितीतही बहुतेकांना त्याची गरज नसल्याचे म्हटले आहे.

प्रमाणपत्राची तक्रार आली तर घड्याळ पाहा. जुन्या डेस्कटॉपची बटण-बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. सीआर२०३२ ही बॅटरी शंभर रुपयांच्या आत मिळते आणि ती घरी बदलता येते. प्रमाणपत्राची तपासणी बंद करण्याचा इलाज फुकट दिसतो, पण करू नका.

एवढे करूनही जमले नाही तर माणसाने कल्याणला जाण्याऐवजी काम पाठवता येते. ‘गिट बंडल क्रिएट काम.बंडल ओरिजिन/मेन..मेन’ अशी आज्ञा दिली की न पोचलेली कमिट एका फाइलमध्ये बांधली जातात. ही फाइल बहुधा लहान असते, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जाते, किंवा पेन ड्राइव्हवर रोज लोकलने अपडाउन करणाऱ्या मित्राकडे देता येते. नेट चांगले असलेल्या जागी तो आपल्या क्लोनमध्ये ‘गिट पुल’ करून त्या फाइलमधले काम घेतो आणि पुश करतो. कमिटवर नाव तुमचेच राहते. लिनक्स कर्नलचे बदल आजही ईमेलवरून पॅच पाठवूनच दिले जातात, तेव्हा यात कमीपणा काही नाही.

स्वतःच जावे लागले, तर शहापूरकरांना आसनगावची लोकल आहे. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे एसटी धरावी लागते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. भाड्यापेक्षा मोडलेला दिवस महाग पडतो, म्हणून निघण्याआधी बंडल बनवून पाहा.

पैसे देऊन कुणाची मदत घ्यायची ठरवली तर बोलणी एका त्रुटीपुरती करा, अख्ख्या प्रोजेक्टची नको. स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका. दिलेली आज्ञा आणि तिच्याखालच्या सगळ्या ओळी मजकूर म्हणून पाठवा, त्यात टोकन असेल तर ते खोडून. दुरुस्ती तुमच्या खात्यावर, तुमच्या समोर व्हावी. कुणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा.