तिकोणा पेठेतून ॲसिडियन पाहायला

तिकोणा किल्ल्यावरून पवना धरणाचं एवढं पाणी दिसतं, पण ॲसिडियन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे पिशवीसारखे प्राणी, त्यात मिळणार नाहीत. त्यांना समुद्रच लागतो. म्हणून लोणावळा, खोपोली, पेण असं घाट उतरून आदल्या संध्याकाळीच अलिबाग गाठा.

दिवस पंचांग पाहून ठरवा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ निघते. तिच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया धरली तर भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी साडेसातला. उधाणाच्या या दिवसांत पाणी खूप खाली जातं. तरी भरती-ओहोटीच्या तक्त्यातला आकडा पाहाच. ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास नसेल तर बेत पुढे ढकला. अष्टमीच्या भांगात, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, खडकाचा हवा तो भाग उघडाच पडत नाही. पावसाळ्यात जाऊ नका.

सोबत कुणीतरी घ्या, पायात जाड तळव्याचे बंद बूट घाला. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात आणि शेवाळावर पाय सरकतो. ओहोटीच्या तासभर आधी कुलाबा किल्ल्याभोवतीच्या खडकांकडे निघा.

आता घाई सोडा. ॲसिडियनला ऊन सोसत नाही. तो कपारीत, खडकाच्या ओल्या पोटाशी, डबक्याच्या सावलीत चिकटलेला असतो. टॉर्च तिरपा धरा. एकटा असेल तर दोन तोंडांची छोटी पिशवी दिसेल: एका तोंडातून पाणी आत, गाळून दुसऱ्यातून बाहेर. वसाहत असेल तर खडकावर गुळगुळीत रंगीत साय पसरल्यासारखी वाटते. तिला स्पंज समजण्याची चूक सहज होते. हात न लावता थोडा वेळ पाहा, हलकी सावली पाडा. तोंडं मिटली तर बहुधा ॲसिडियनच. स्पंजची छिद्रं अशी झटकन मिटत नाहीत.

इथे थांबून एक गोष्ट मनात घ्या. या पिशवीची अळी बेडकाच्या पिल्लासारखी पोहते आणि तिच्या शेपटीत आपल्या कण्याच्या आधी गर्भात असतो तसाच पृष्ठरज्जू असतो. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी 1866 साली ते दाखवून दिलं. खडकाला डोकं टेकलं की शेपूट जिरते आणि प्राणी आयुष्यभर तिथेच बसतो. शिंपल्यांपेक्षा तो आपल्या जवळचा आहे.

मग आजूबाजूला नजर फिरवा: बार्नेकल, समुद्रफुलं, वसाहतींवर जगणारे चपटे कृमी. झोअँथिड या प्राण्यांच्या हिरव्या-तपकिरी गालिच्याला स्पर्श करू नका, काहींमध्ये तीव्र विष असतं. शंकूच्या आकाराची गोगलगायही उचलू नका, ती डंख मारते. दगड उलटलाच तर हळूच, आणि लगेच होता तसाच ठेवा. खालचं जग उन्हात मरतं. काही घरी आणू नका. प्रवाळ तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा, तारीख आणि जागा टिपून ठेवा. साडेसात वाजले, पाणी फिरलं, की किनाऱ्याकडे वळा. किल्ल्याची वाट भरतीत बुडते.