ताट बदललं, गोळी तीच राहिली

मधुमेह असताना वजन उतरवायला निघालेलं कुणी भेटलं की मी आधी एकच विचारते, "डॉक्टरांना सांगितलंत का?" बहुतेकजण म्हणतात, "अहो, त्यांनीच तर वजन कमी करा म्हणून सांगितलंय." तेवढ्याने भागत नाही. 'वजन कमी करा' असा सल्ला मिळणं वेगळं आणि 'सोमवारपासून मी सकाळचा नाश्ता बंद करतेय, गोळ्यांचं काय करू?' असं विचारून घेणं वेगळं. हा दुसरा प्रश्न राहून गेला तर काय होतं, ते मी अंगावर काढलंय.

मी पुण्यात सहकारनगरला राहते. बँकेतून निवृत्त झाले, मधुमेह बराच जुना. वजन ८१ किलोंवर गेलं, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आठ-दहा किलो उतरवा." मी आहारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी मन लावून चार्ट करून दिला: नाश्ता बंद, पहिलं जेवण साडेअकराला, भात अर्धी वाटी, दुसरं जेवण संध्याकाळी सातच्या आत. चार्ट फ्रिजवर लागला. डॉक्टरांची चिठ्ठी कपाटातल्या फाइलमध्ये होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'सकाळी नाश्त्याआधी एक गोळी'. नाश्ता गेला, पण गोळी रोज सकाळी बिनसाखरेच्या चहाआधी नेमाने पोटात जात राहिली. डॉक्टरांचं आणि आहारतज्ज्ञांचं, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. ते दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचले नव्हते, इतकंच.

सुरुवातीचे आठवडे छान गेले. वजन उतरत होतं, ब्लाउज सैल होत होते. अकराच्या सुमारास हात जरा थरथरायचे, चिडचिड व्हायची. 'शरीराला सवय होतेय' असं सगळेच म्हणायचे. मग जानेवारीतल्या एका सकाळी तळजाईच्या टेकडीवरून खाली येताना मला दरदरून घाम फुटला. थंडी होती, अंगात स्वेटर होता आणि आत मी घामाने निथळत होते. छातीत धडधड, ओठांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी. बरोबरच्या एकीने विचारलं, "ताई, घरी कुणाला फोन करू?" मला मुलाचं नाव आठवत होतं आणि तोंडातून निघत नव्हतं. कुणी म्हणालं हार्टचं असेल, कुणी म्हणालं पित्त. फिरायला आलेल्या एका काकांना स्वतःला मधुमेह होता. ते म्हणाले, "शुगर लो झालीय." चहाच्या टपरीवरून साखर आणून पाण्यात कालवून पाजली. बराच वेळ फरक पडेना. मग त्या काकांनीच खिशातली ग्लुकोजची पुडी तोंडात रिकामी केली, तेव्हा हळूहळू माणसं ओळखू यायला लागली. घरी येऊन मोजली तर रक्तातली साखर ६४ होती, तीही एवढं सगळं पोटात गेल्यावर. ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले, या वेळी दोन्ही कागद घेऊन. त्यांनी गोळीची स्ट्रिप उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. एका गोळीत तीन औषधं होती: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून जादा इन्सुलिन सोडवून घेतं. पोटात पोहे गेलेत की नुसता चहा, ते त्याला कळत नाही. त्याचा असर जवळजवळ दिवसभर राहतो. ताट अर्ध्यावर आणलं आणि गोळी पूर्णच घेतली, तर साखर खाली जाणारच. त्यात आणखी एक गोष्ट आहे. वजन उतरायला लागलं, विशेषतः यकृतातली चरबी कमी व्हायला लागली की शरीराचं स्वतःचं इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागतं. म्हणजे काल बेताची असलेली गोळी उद्या जास्त होते. कुठे बिघाड झाला म्हणून माझी साखर पडली नव्हती. सुधारणा होत होती, म्हणून पडली होती.

टपरीवरच्या साखरेने लवकर उतार का पडला नाही, तेही तिथेच कळलं. व्होग्लिबोज आतड्यात साखर फुटण्याचं काम लांबवतं. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांनी साखरेवर विसंबू नये. ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी, तिला फुटावं लागत नाही.

कोणती आहारपद्धत चांगली, हा वाद मला घालायचा नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रात घरोघरी पोचवलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत असो, की ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं असो, दोन्हींची बाजू घेणारी माणसं पुण्यात एकेका सोसायटीत भेटतात. तुम्ही काहीही निवडा. खाण्याची वेळ, भाकरी-भाताचं माप किंवा चालण्याचं अंतर बदललं की गोळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. श्रावणी सोमवार, चतुर्थी, नवरात्र यांनाही हेच लागू आहे. दिवसभर निर्जळी आणि रात्री साबुदाण्याची खिचडी म्हणजे आधी साखर पाडायची आणि मग एकदम चढवायची.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये प्रा. रॉय टेलर आणि प्रा. माइक लीन यांनी केलेला 'डायरेक्ट' हा अभ्यास इथे सांगायलाच हवा. टाइप २ मधुमेह असलेल्या माणसांना त्यांनी काही महिने दिवसाला जेमतेम ८५० कॅलरींच्या आहारावर ठेवलं. २०१७ साली आलेल्या पहिल्या वर्षाच्या निकालांत ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली राहिली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. हे आकडे आपल्याकडे व्याख्यानांतून खूप ऐकवले जातात. त्यातली एक गोष्ट मात्र गाळली जाते: आहार सुरू केला त्याच दिवशी त्या लोकांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं डॉक्टरांनी थांबवली होती आणि मग सतत लक्ष ठेवून लागतील तशी पुन्हा दिली होती. ताट आणि गोळी यांचा विचार तिथे पहिल्या दिवसापासून एकत्र झाला होता.

म्हणून वजन उतरवणंच नको, असा अर्थ कुणी काढू नये. आपल्याला तर त्याची गरज जास्त आहे, आणि हे जगाला सांगितलं ते आपल्याच पुण्याने. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांमधून १९९३ पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासात तर आपली बाळंही वजनाने लहान, पण त्या मानाने चरबी राखून जन्माला येतात असं दिसलं. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या पुढचा बीएमआय जास्त धरतात आणि कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात. 'मी काही जाडी नाही' म्हणणाऱ्या बाईनेही टेप घेऊन पोट मोजावं.

तर, सुरुवात करण्याआधी काय करायचं? घरातल्या सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडा आणि मागची नावं वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही दिसलं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांनी डोस ठरवून दिल्याशिवाय एक घासही कमी करू नका. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा पडत नाही. पण ते वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होतं आणि आपल्या शाकाहारी घरांत ते आधीच बेताचं असतं. तळपायांना मुंग्या येत असतील तर ती तपासणी करून घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं असतील तर कडक उपास किंवा भात-पोळी पूर्ण बंद करणं धोक्याचं आहे. रक्तात कीटोन साठून आम्ल वाढतं आणि तेव्हा साखर फारशी चढलेली दिसेलच असं नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर थेट दवाखाना गाठायचा.

रक्तदाबाच्या गोळीचंही तसंच. वजन उतरतं तसा दाबही उतरतो. बिछान्यातून उठताना गरगरायला लागलं तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका, दाब मोजा. दाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर साखर पडल्याची धडधड आणि थरथर जाणवणारच नाही असं होऊ शकतं. घाम मात्र येतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा. थायरॉइडच्या गोळीचा डोससुद्धा बरंच वजन घटल्यावर पुन्हा तपासून घ्यावा लागतो. मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलेल्या टिर्झेपॅटाइडसारखं आठवड्याचं इंजेक्शन घेणार असाल, तरी इन्सुलिन आणि जुन्या गोळ्यांचा प्रश्न तसाच राहतो. साखर फार झपाट्याने खाली आली तर मधुमेहाने आधीच दुखावलेला डोळ्याचा पडदा काही काळ बिघडू शकतो. तेव्हा पडद्याची तपासणी आधी.

साखर पडलीच तर ग्लुकोज पावडरचे तीन सपाट चमचे पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी मोजा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच घ्या आणि सावरल्यावर पोळी-भाजी, दूध-केळं असं काहीतरी खा. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने पडलेली साखर काही तासांनी पुन्हा पडू शकते, म्हणून तो दिवस आणि ती रात्र कुणीतरी सोबत हवं. रात्री उशी घामाने भिजणं, वाईट स्वप्नं आणि सकाळी डोकं जड होणं या खुणाही डॉक्टरांना सांगण्याजोग्या आहेत.

आणि उलट टोक गाठू नका. कट्ट्यावर 'मी तर सगळ्या गोळ्या सोडल्या' असं छाती फुगवून सांगणारे भेटतात. औषध कमी होणं ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण ती मोजून आणि विचारून व्हायला हवी. टाइप १ मधुमेह असलेल्यांनी तर इन्सुलिन बंद करण्याचा विचारही मनात आणू नये. आणखी एक गोष्ट: काही न करताच वजन घटतंय, तहान लागतेय, रात्री चार वेळा उठावं लागतंय, तर ते यश नव्हे, साखर चढल्याचं लक्षण आहे.

माझी ग्लिमेपिराइड त्या दिवसापासून बंद झाली. पुढे वजन उतरत गेलं तशी व्होग्लिबोजही गेली, आज मेटफॉर्मिन तेवढी आहे. चार्टमध्ये डाळ, उसळ, ताक, पनीर वाढवलं आणि आठवड्यातून काही दिवस वजनं उचलायचा व्यायाम धरला, कारण साठीनंतर नुसतं कमी खाल्लं तर चरबीबरोबर मांसही झडतं. मी आता ७२ किलोंवर आहे आणि तळजाई चढताना मला थांबावं लागत नाही.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर चार्ट आणि चिठ्ठी एकत्र घेऊन जा आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: यातली कोणती गोळी आजपासून कमी करायची? घरी साखर किती वेळा आणि केव्हा मोजायची? किती किलो उतरल्यावर पुन्हा यायचं? उत्तरं त्याच चार्टवर लिहून घ्या आणि नाश्ता त्यानंतरच सोडा.