लिव्हरच्या गोळ्या आणि काळा बोळ

"ताई, तुमचं लिव्हर सुस्त झालंय." हॅरोमधल्या त्या दुकानदाराने एवढंच सांगितलं आणि डबी पुढे केली. जुनं, खात्रीचं औषध म्हणे. पोट साफ व्हायला लागलं आणि मी निर्धास्त झाले. पाच महिने, रोज रात्री दोन गोळ्या.

मग पोटऱ्यांत गोळे, जिना चढताना छातीत धडधड. रक्तात पोटॅशियम 2.9 निघालं, हवं निदान 3.5. जीपीने विचारलं, "आणखी काही घेता?" मी नाही म्हणाले. त्या गोळ्यांना मी औषध समजतच नव्हते.

छडा लावला फार्मसिस्ट मुलीने. डबी उजेडात तिरकी धरून तिने बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: सेना, ॲलो. म्हणजे सोनामुखी आणि काळा बोळ! मुका मार लागला की आजी ज्याचा गरम लेप लावायची, तोच मी पाच महिने गिळत होते. लिव्हरशी काही संबंध नाही, नुसतं रेचक. जुलाबावाटे पोटॅशियम जात होतं आणि ब्लडप्रेशरसाठीची लघवीची गोळीही तेच बाहेर काढत होती.

मागाहून वाचलं तेव्हा संताप आला. लँकेशायरच्या बीचमच्या प्रसिद्ध गोळ्यांचं पृथक्करण ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 साली 'सीक्रेट रेमेडीज'मध्ये छापलं होतं: काळा बोळ, सुंठ आणि साबण. 56 गोळ्यांची किंमत एक शिलिंग दीड पेनी, आतला माल अर्ध्या फार्दिंगचा! तेव्हा डबीवर घटक छापायची सक्ती नव्हती, ती 1941च्या कायद्याने आली. माझ्या डबीवर तर ते छापलेले होते आणि विकणाऱ्याने सांगायला हवे होते.

डबी परत न्यायला गेले तर म्हणतो, "एवढे लोक घेतात, तुम्हालाच कसं झालं?" डोळा वर करून पाहिलंसुद्धा नाही.

म्हणून सांगते. खोक्यावर औषधाच्या परवान्याचा पीएल किंवा वनौषधी-नोंदणीचा टीएचआर नंबर नसेल तर घेऊ नका. असला, तरी तुमच्या चालू गोळ्यांबरोबर चालतं का ते फार्मसिस्टला विचारा, खोकं हातात देऊन. सेना, ॲलो, कॅस्कारा ही नावं ओळखून ठेवा, ही रेचकं रोज घ्यायची नव्हेत. "हर्बल" चूर्णही जीपीला सांगा. पाणी प्या, भाज्या खा. शौचाची सवय तीन आठवडे बदललेली राहिली किंवा डोळे पिवळे दिसले, तर दुकानात नाही, डॉक्टरकडे जा.

औषधांचे दुष्परिणाम कळवायच्या यलो कार्डवर मी तक्रार नोंदवली आहे. परवा त्या दुकानावरून गेले, गल्ल्याशेजारी डब्यांची चळत तशीच होती.