पाळलेली कोंबडी नाहीशी झाली, तर आधी काय पाहावे?



खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी घडलेली ही गोष्ट आहे. माझ्या धाकट्या मुलीने पिलापासून वाढवलेली एक पांढरी गावठी कोंबडी होती. मुलीच्या हातावरचे तांदूळ ती टिपत असे आणि पडवीत तिच्या मागे मागे फिरत असे. भातकापणीच्या दिवसांत एका संध्याकाळी ती परतली नाही. अंगणात रक्त नव्हते, पीस नव्हते, कुत्रा भुंकल्याचेही कुणाला आठवेना. मुलगी न जेवताच झोपली. सकाळी माझ्या तोंडून निघून गेले, "काल दुपारी शेजारचा पोरगा कुंपणाशी घुटमळत होता." हा शब्द कुंपणापलीकडे पोचायला वेळ लागला नाही. त्या दिवसापासून त्या घराशी आमचे बोलणे तुटले.

ज्या गोष्टी आधी पाहायला हव्या होत्या, त्या आम्ही नंतर शिकलो. आपल्यावर अशी पाळी येऊ नये म्हणून त्या येथे क्रमाने देत आहे.

१. ती जिवंत आहे असे धरून शोधा

नाहीशी होण्याआधी आठ-दहा दिवस तिची अंडी नेहमीच्या जागी मिळत होती का, हे घरच्या बाईमाणसांना विचारा. मिळत नसतील, तर ती कुठेतरी लपून अंडी घालत असण्याचा संभव मोठा. पुरेशी अंडी साठली की ती खुडूक होऊन तिथेच बसते. गवताची गंजी, सरपणाचा ढीग, केळीचा गड्डा, घाणेरीचे झुडूप या तिच्या आवडत्या जागा.

खुडूक कोंबडी दिवसातून एखाद्या वेळी थोडा वेळच उठते. दाणापाणी करते, एकदम मोठी व फार घाण वासाची विष्ठा टाकते आणि परत जाऊन बसते. अशी विष्ठा दिसली, तर ती जवळच आहे असे समजा. नेहमीच्या जागी दाणे टाकून आडोशाला बसा आणि आली की लांबून तिचा माग काढा. कोंबडीची अंडी २१ दिवसांत व गावठी बदकाची सुमारे २८ दिवसांत उबतात. म्हणून तीन-चार आठवडे आशा सोडू नये.

२. खुणा पुसण्याआधी पाहा

अंगण झाडण्यापूर्वी घराभोवती एक फेरी मारावी. पिसे सापडली तर त्यांची मुळे पाहावीत. शिकारी पक्षी पीस उपटतो, त्यामुळे मूळ अखंड राहते. रानमांजर किंवा कोल्हा पिसे दातांनी तोडतो, त्यामुळे मुळाकडची नळी चिरडलेली किंवा तुटलेली दिसते.

दिवसाढवळ्या आणि बहुधा पिलांवर हल्ला झाला असेल, तर घार, शिक्रा किंवा मुंगूस असू शकते. रानाच्या कडेला राहणाऱ्यांनी मोरघारही ध्यानात ठेवावी. ती मोठी कोंबडीसुद्धा नेते. रात्री झाडावर बसलेली कोंबडी गेली, तर मोठे घुबड किंवा उदमांजर. पहाटे किंवा तिन्हीसांजेला अख्खी कोंबडी उचलली गेली, तर रानमांजर किंवा कोल्हा. अशा वेळी कुंपणाच्या भोकाशी एखाद-दुसरे पीस अडकलेले असते. अनेक कोंबड्या मारून न खाताच टाकलेल्या असतील, तर मोकाट कुत्र्याचा संशय धरावा. खुराड्याच्या तळाशी उकरलेले बीळ असून पिले व अंडी गेली असतील, तर घूस पाहावी.

धामण किंवा नाग अंडी व पिले गिळतो, पण मोठी कोंबडी गिळणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. अजगर मात्र गिळतो आणि मागे काही ठेवत नाही. पोट फुगल्यामुळे आलेल्या फटीतून त्याला पुष्कळदा परत जाता येत नाही. म्हणून खुराड्यात हात घालण्यापूर्वी बॅटरी मारून पाहावे.

३. आजारी पक्षी आडोशाला जातो

आदल्या दिवशी ती पंख पाडून गप्प बसली होती का? हिरवट हगवण, घरघर, मान मुरडणे, पाय लुळे पडणे ही राणीखेत रोगाची लक्षणे आहेत. हा रोग जडल्यावर त्यावर औषध नाही. लस हाच उपाय. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि आठ ते दहा आठवड्यांच्या वयात टोचणी, याविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

झुडपात मेलेली कोंबडी सापडली, तर उघड्या हाताने उचलू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये आणि ती शिजवू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. एकापाठोपाठ अनेक मेल्या, तर दवाखान्यात ताबडतोब कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, हे विसरू नये.

४. विषाचे आमिष लावू नका

रागाच्या भरात काहीजण मेलेल्या कोंबडीला कीटकनाशक चोपडून ती बांधावर ठेवतात. ते खाऊन आपलाच कुत्रा मरतो आणि शेतातले उंदीर खाणारी घुबडेही मरतात. लहान मुलाचा हात लागला तर काय होईल, याचा विचार करावा. शिवाय रानमांजर, मुंगूस, अजगर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारणे गुन्हा आहे.

खरा उपाय खुराड्यात आहे. बारीक छिद्रांची मजबूत जाळी लावावी आणि ती हातभर जमिनीत पुरावी. कडी अशी असावी की पंजाने उघडणार नाही. दिवेलागणीला कोंबड्या मोजूनच दार लावावे.

५. माणसाचे नाव शेवटी

चोरी होतच नाही असे नाही. पण कुलूप तोडलेले, दोरी कापलेली, कुणी डोळ्यांनी पाहिलेले, असे काही असल्याशिवाय नाव घेऊ नये. आठवी आज्ञा न्यायालयातल्या साक्षीपुरतीच नाही, पडवीतल्या बोलण्यालाही ती लागू आहे.

आमची पांढरी कोंबडी सापडली नाही. महिना उलटला, पण पिले घेऊन ती आली नाही. कोणी नेली, हे आजही आम्हांला ठाऊक नाही. तो पोरगा कुंपणाशी का उभा होता, हे मात्र त्याच्या आईकडून कळले. आमच्या मुलीसारखाच तोही त्या कोंबडीला रोज मूठभर दाणे टाकायला येत असे. मी त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली. त्या माउलीने चहा दिला, पण पोरगा बरेच दिवस आमच्या अंगणात आला नाही.

लक्षात ठेवा : आधी अंड्यांची चौकशी, मग पिसे व माग, मग आजाराची लक्षणे, मग खुराड्याची दुरुस्ती. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर "कळले नाही" असे म्हणून थांबावे.