तंबाखू सोडणाऱ्यास साह्य
(पाठ : १ करिंथ. ६ : १९, २०)

आपला देह प्रभूचा आहे, असे पौल प्रेषित शिकवितो. मग व्यसनात अडकलेल्या बंधूस आपण कसे साह्य करावे?

सन २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी शेकडा सुमारे २७ जण तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे शेकडा ४ हून कमी. म्हणून वसई-विरारकडील उपदेशकांनी केवळ विडीविषयी नव्हे, तर तंबाखू व मिश्री यांविषयीही प्रेमाने विचारावे.

आरोग्य केंद्रांतून साह्याच्या पाच पायऱ्या शिकवितात : विचारणे, स्पष्ट सल्ला देणे, मनाची तयारी पाहणे, उपाय योजणे व पुन्हा भेटणे. यांतील शेवटची पायरी आपण फार विसरतो. व्यसन सोडल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड व निद्रानाश होतो. परंतु एकेक तलफ काही मिनिटांतच ओसरते. त्या दिवसांत रोज त्याच्या घरी जावे. १८००-११-२३५६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो, हेही त्यास सांगावे.

तो पुन्हा घसरला तर मंडळीत त्याची निर्भर्त्सना करू नये. लज्जित झालेला मनुष्य व्यसन लपवितो, आणि लपविलेल्या रोगावर कोणता वैद्य उपचार करील? त्यास पुन्हा हात द्यावा व त्याजबरोबर प्रार्थना करावी.